गेनबा मोठेपणा घेत नाही

आपल्याच बाजूच्या एका गावात गेनबा नावाचा भोळा गडी होता. कामाला वाघ. सांगाल ते ऐकायचा, आणि ऐकलं तेवढंच करायचा. त्याच्या आईला एकच घोर, याला मुलगी कोण देणार?

एकदा पाटलांची म्हैस विहिरीत पडली. गेनबानं उडी मारून तिला दोर बांधला. गावानं ओढून वर काढली. झालं, गेनबा चावडीपुढं ओरडत सुटला, "मी काढली! मी एकट्यानं काढली!"

दोर ओढून ज्यांचे हात सोलले होते, ते तळहातांवर फुंकर मारत घरी गेले.

आई म्हणाली, "बाळा, फुशारक्याला कोण पोरगी देतं? म्हणावं, 'माझं एकट्याचं काय, सगळ्यांचा हात लागला.'"

"बरं," गेनबा म्हणाला.

पुढं देवळात भंडारा होता. गेनबाचा पाय लागला आणि आमटीचं पातेलं आडवं झालं. आचारी धावत आला. "कुणी सांडली रं?"

गेनबानं हात जोडले. "माझं एकट्याचं काय, सगळ्यांचा हात लागला."

मग पंगत उठली, आणि खरोखरच सगळ्यांचा हात लागला. गेनबाच्या पाठीला.

आईनं हळद लावली. "अरे, बिघडलं की म्हणावं, 'हे सगळं माझ्यामुळं झालं.'"

"बरं."

मग गावच्या भजनी मंडळाला तालुक्यात ढाल मिळाली. गेनबा सतरंजी उचलायला गेला होता. पाहुणे हार घेऊन आले. "एवढं गोड भजन! कुणामुळं हे?"

गेनबानं मान पुढं केली. "हे सगळं माझ्यामुळं झालं."

गाऊन गाऊन घसा बसलेल्या बुवांनी त्याला परतीच्या गाडीत घेतलं नाही. तो सतरंजी डोक्यावर घेऊन चालत आला.

आईनं कपाळाला हात लावला. "हार गळ्यात यायला लागला की आपण मागं सरावं. शेजारच्या थोरल्या माणसाला पुढं करावं. एवढं तरी ध्यानात ठेव, राजा."

"ठेवतो."

आणि देव पावला. शेजारगावच्या सगुणाचं स्थळ जमलं. आई आनंदानं रडली. मांडव पडला. गेनबा पाटावर उभा राहिला, रिवाजाप्रमाणं पाठीशी दगडूमामा. मंगलाष्टका संपल्या. अंतरपाट दूर झाला. सगुणानं लाजून मान खाली घातली आणि हार उचलला.

गेनबाला हार येताना दिसला. तो झटकन मागं सरला आणि मामाला खांद्याला धरून पुढं केलं.

हार गळ्यात पडला. वाजंत्री वाजली. अक्षता पडल्या. सगुणानं डोळे वर केले, तर समोर पांढऱ्या मिशा.

पुढच्या रांगेतून मामी पदर खोचत उठली.

गेनबानं आईकडं बघितलं आणि खुशीत विचारलं, "या वेळी बरोबर केलं ना गं, आई?"