उंची घोडा

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि त्याचं कुणाला नवल नसे, राजा वज्रनाभ बसल्या सिंहासनी दगड होत चालला होता. मांत्रिकाचा शाप! सकाळी पावलं गेली, दुपारी कंबर. सूर्य मावळायच्या आत काळकड्यावरच्या झऱ्याचं पाणी अंगावर पडलं, तरच तो वाचणार होता.

राजकन्या चित्रांगीला काही सुचेना. छत्रावरची साळुंकी म्हणाली, "वाटेत तीन अडचणी. वळण, घसरण, फट. उंची घोडा न्या, बाईसाहेब."

चित्रांगीनं पागेतला सर्वांत उंच घोडा काढला, गगनराज.

पहिल्याच वळणावर घोटाळा झाला. वाट कोपरासारखी मुडपलेली. गगनराजचं तोंड वळलं, मागचं धड वळेना. एक टाप दरीवर लोंबली. चित्रांगी किंचाळली, खाली उतरली आणि कशीबशी त्याला उलट्या पावलांनी पायथ्याशी घेऊन आली.

"उंच घोडाच आणला होता ना मी?"

"उंच कोण म्हणालं? उंची म्हटलं मी!" मागोमाग उडत आलेली साळुंकी चिडली. "उंची अत्तर काय ताडाएवढं असतं?"

"मग उंची घोडा कोणता गं?"

"ज्या वाटेला जायचं, त्या वाटेला शोभेल तो."

पायथ्याशी पाण्याची कातडी पखाल वाहणारं एक तट्टू उभं होतं.

"हे? माझे पाय जमिनीला लागतील!"

"लागू देत. दगडाचे तर होणार नाहीत ना?"

चित्रांगी बसली. वळणावर तट्टू जागच्या जागी फिरलं. घसरणीवर त्यानं आखूड पावलं टाकली. एक खडा सुटला की पाय दुसऱ्यावर. हलक्या अंगाखाली दरड हललीच नाही. फटीतून ते पोट आवळून निघालं. आपण त्याला नेतोय की ते आपल्याला, हे चित्रांगीला झऱ्यापर्यंत कळलं नाही.

ती पखाल भरून परतली, तेव्हा दगड राजाच्या हनुवटीला टेकला होता. पाणी पडलं. दगड तडकला. राजा शिंकला.

"तट्टाला पागेत पहिला मान द्या," त्यानं आज्ञा केली.

पण तिथली गव्हाण गगनराजच्या छातीइतकी. तट्टानं मान ताणली, पुढचे पाय उचलले; गवताची काडी लागेना.

"त्याच्या पायाखाली चौरंग ठेवावा का?" प्रधानानं विचारलं.

सगळे चित्रांगीकडे पाहू लागले. ती दचकली, पण बोलली.

"नको, प्रधानजी. गव्हाण खाली घ्या."

शाप उतरला होताच. संध्याकाळी गव्हाणही उतरली, आणि राज्य सुखानं जेवलं.