चार अंश गारवा

“...मग सही करताय ना, स्वामीजी?”

सिद्राम कंत्राटदाराने तिसऱ्यांदा विचारले. वैशाखातले सोलापूर. बारा वाजून गेले होते.

विड्या वळणाऱ्या बायकांसाठी तो चाळीस घरे बांधत होता. घरे थंड राहणार, वीज कमी खाणार, म्हणून बँकेने कमी व्याजाचे हरित कर्ज दिले होते. घरे नकाशाबरहुकूम झाली, एवढे वस्तीच्या वतीने मठाच्या इरय्या स्वामींनी लिहून दिले की पुढचा हप्ता सुटणार होता. नाहीतर काम बंद.

सिद्रामच्या हातात गवंडीकामाची पहिली थापी स्वामींनीच दिली होती. आता त्याची घरे बघायला पुण्याहून माणसे येत.

“ह्या कागदावर काय आहे?”

“प्रमाणपत्र. नकाशा बघून दिलंय. दुपारी दोनला बाहेरच्यापेक्षा आत चार अंश गारवा.”

“दोनला?”

“होय.”

“मग दोनपर्यंत बसू.”

स्वामी नव्या घराच्या फरशीवर मांडी घालून बसले. सिद्रामलाही बसावे लागले. घर नागम्माचे होणार होते. तिने सूप मांडीवर घेतले आणि विड्या वळू लागली.

“पंखा बंद कर,” स्वामी म्हणाले.

“ह्या उन्हात?”

नागम्मा सिद्रामकडे बघून हसली. “सावकार, पंख्यानं तंबाखू उडतंय की! आमी कधी लावतोय पंखा?”

सिद्रामने बटण दाबले.

नकाशात भिंत जाड होती, छतावर मातीचा थर होता. बांधताना भिंत अर्ध्या विटेवर आली. माती राहूनच गेली. वरून गिलावा झाल्यावर कोण बघतो?

साडेबारा...

एक...

छत तव्यासारखे तापले. नागम्माचा पदर भिजला, पण बोटे थांबली नाहीत. स्वामी डोळे मिटून बसले होते.

“मठात बसू या का, स्वामीजी? मातीच्या माळवदाखाली गार असतं.”

“त्याला कुठं प्रमाणपत्र आहे?”

सिद्रामने बाहीने कपाळ पुसले. घाम डोळ्यांत उतरू लागला. नकळत त्याचा हात फरशीवरच्या प्रमाणपत्राकडे गेला. तो वारा घेऊ लागला.

मान वर केली, तर स्वामी त्याच्याकडेच बघत होते.

तो ओशाळला. घाईने पुढे सरकून त्याच कागदाने स्वामींना वारा घालू लागला.

स्वामींनी त्याचे मनगट धरले.

“मला नको... भिंतीला घाल. गारव्याचा कागद तिच्या नावाचा आहे.”