मापाड्याची उसनी नजर

वजनांवर राजाची मुद्रा असे, त्या जुन्या काळची गोष्ट. एका पेठेत एक मापाडी राहत असे. त्यानं तोललं की भांडण मिटलं, एवढा गावाचा त्याच्यावर विश्वास.

एका साली त्याच्या मनावर मळभ आलं. कारण विचाराल, तर त्यालाही ठाऊक नव्हतं. आंघोळीचं पाणी समोर निवून जाई, पण उठवत नसे. माणसं तर त्याला उमजेनाशीच झाली. कुणी हसलं की वाटे, मलाच हसले. कुणी गप्प राहिलं की वाटे, मी नकोसा झालो.

"काय मापाडीबुवा, आज सूर्य मावळतीला उगवला वाटतं!" पेठेत उशिरा आलेल्या मापाड्याला शेजारची म्हातारी तेलीण नेहमीसारखं हसून म्हणाली. त्याला तो टोमणा लागला. तो तसाच घरी परत गेला. मग लोकही बिचकले, हाक मारीनासे झाले. 'बघा, कुणालाच मी नको,' असं म्हणून त्यानं गाव सोडायचं ठरवलं.

गाठोडं घेऊन निघाला, तर दारात तेलीण.

"जायचं तर जा बाबा, पण माझे तीळ तोलून जा."

सवयीनं त्यानं आधी रिकामी तागडी उचलली. एक पारडं खाली गेलं.

"मावशी, तागडी झुकतेय. हिच्यावर तोलणं पाप."

"मग टाकून देणार?"

"छे! दुरुस्त होईल. तोवर दुसऱ्याच्या तागडीवर तोलायचं."

"अरे लेका, मग झुकलेल्या मनानं आम्हाला कशाला तोलत बसलास? ते ताळ्यावर येईतो माझी नजर उसनी घे. त्या दिवशी मी हसले, ते तू आलास म्हणून!"

मापाड्यानं गाठोडं खाली ठेवलं.

उसनं मागायची लाज कुणाला नसते? त्यालाही वाटली. तरी तो विचारू लागला. "मावशी, कासार न बघताच गेला. रागावलाय का?"

"त्याची दाढ ठणकतेय रे! बायकोकडेही बघत नाही तो."

कधी ती ओट्यावर बसून राही, "आंघोळ करून ये, मग बोलू." वैद्याकडेही तीच घेऊन गेली. मळभ एका रात्रीत सरलं नाही, अधूनमधून पुन्हा दाटूनही आलं. पण मापाडी गावातच राहिला, हळूहळू पेठेत बसू लागला. येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडून म्हणे, "ज्यांना मी सोडून चाललो होतो, त्यांनीच मला धरून ठेवलं."

बोध एवढाच: मन झुकलेलं असताना त्याचा कौल खरा मानू नये, तोवर आपल्या माणसाच्या नजरेनं जग पाहावं.