घाणेरीची सावली

फार पूर्वी या गायरानावर गुरं कशासाठी यायची, ठाऊक आहे का तुम्हाला? पवन्या गवतासाठी. मग कुठूनसं गाजरगवत आलं, पाठोपाठ घाणेरीचं काटेरी झुडूप आलं.

“गाजरभाऊ, आपण दोघं परके. या पवन्याला हाकललं की सगळं रान आपलंच,” घाणेरी म्हणाली.

गाजरगवत इमानी. त्याने खपून पवन्याची मुळं नासवली. मोकळ्या झालेल्या जागेत घाणेरी फोफावली आणि गाजरगवताच्याच डोक्यावर पसरली.

“ताई, जरा सरक ना. ऊन मिळत नाही गं.”

“अरे, आता परकं कोण उरलंय? घरातल्या घरात ऊन काय मागतोस!”

गाजरगवताला ते पटलं. संध्याकाळी त्याने मान टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरं आली आणि घाणेरीला नुसतं हुंगून उपाशीच परत गेली.