कुंची घातलेली ज्वारी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा गाईसुद्धा मनातलं बोलून दाखवत. एका ओढ्याकाठच्या गावात आवडी नावाची तरुण मुलगी आपल्या ढवळी गाईसोबत राहायची. पान हललं तरी दचकायची, पण गाईवर तिचा भारी जीव.

ढवळीच्या चाऱ्यासाठी ती दरवर्षी ज्वारीचं कडवळ पेरी. पिकावर विष मारायचं नाही, असा गावाचा नेम होता. ओढ्याचं पाणी सगळेच पीत. मग कडवळावर मावा पडे. पानांखाली वळवळणारे ते इवलाले किडे पाहून आवडीच्या अंगावर काटा येई. म्हणून ती कडवळाची स्वच्छ ताटं तेवढी शोधून कापी आणि ढवळीला घाली. चिकट, किडकी ताटं उभीच राहत. कणसं त्यांनाच धरत, आणि तेच बी पुढच्या वर्षी पेरलं जाई.

मावा वाढतच गेला. यंदा तर साऱ्या वावरात सातच ताटं स्वच्छ उरली. चारा असाच आटत गेला, तर ढवळीला दूरच्या मामाकडे धाडावं लागणार होतं. त्या विचाराने आवडीला रडू येई. डोळे पुसून तिने पहिल्या ताटाला विळा लावला.

"थांब गं बाई," ढवळी म्हणाली. "निरोगी ते माझ्या पोटात घालतेस आणि रोगट ते पेरतेस. मग वावरात दुसरं काय उगवणार?"

आवडी अशी दचकली, की विळाच हातातून पडला. मग तिला सगळं उमगलं.

ती सात ताटं तिने बियाण्याला राखली. पाखरांनी दाणे टिपू नयेत म्हणून जुन्या लुगड्याच्या कुंच्या शिवून कणसांना घातल्या. शेजारची म्हातारी कुंपणावरून म्हणाली, "का गं, बाळं बाळसं धरतायत ना?" आवडी लाजली, पण कुंच्या काही काढल्या नाहीत. किडकं कडवळ तिने तोंड वाकडं करत कापलं आणि ओढ्यात खळखळून धुतलं. ढवळीने नाक मुरडलं. खाल्लं मात्र सगळं.

पुढच्या वर्षी एक वाफा निरोगी आला, त्याच्या पुढच्या वर्षी अख्खं वावर. मावा आला, पण त्याचं बस्तान काही बसेना. ढवळी आपल्याच गोठ्यात व्याली.

आणि एके सकाळी तीच म्हातारी ओंजळ पसरून दारात उभी राहिली. "आवडे, तुझ्या बाळांतली मूठभर मलाही दे."

उत्तम ते आजच संपवलं, की उद्याच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं.