पिठल्यात मीठ कमी

एका गावाच्या वेशीवरील मठात एक वृद्ध आचार्य आणि त्यांचा शिष्य राहत असत. शिष्य मनाने हळवा होता, त्याच्या हाताला चवही होती, आणि या दोन्ही गोष्टींचा त्याला किंचित अभिमान होता.

त्या गावातल्या गोदाक्काचा नवरा वारला. पदरी मूलबाळ नव्हते. दिवसकार्य उरकले, पाहुणे परतले, तरी बाई अन्नाला शिवेना. शेजार मोठा भला. त्यांनी तिला चूल पेटवूच दिली नाही. दोन्ही वेळा कुणी ना कुणी झाकलेले ताट आणून ठेवी. शिष्यानेही साजूक तुपातला शिरा नेऊन दिला. पण ताटे जशी येत तशीच परत जात. बाई वाळून काटकुळी झाली आणि ‘ही आता नवऱ्यामागून जाणार’ असे लोक उघड बोलू लागले. ते ऐकून शिष्याचा जीव खालीवर होई.

“काहीतरी करा,” त्याने आचार्यांना विनवले.

आचार्यांनी शेजाऱ्यांना निरोप धाडला, “आज तिच्याकडे कुणी काही नेऊ नका.” आणि भर दुपारी शिष्याला घेऊन रिकाम्या हाताने तिच्या ओसरीवर जाऊन बसले.

“गोदाक्का, कडकडून भूक लागली आहे. जेवायला वाढ.”

“म्हाराज, चूल गार पडलीया.”

“मग पेटव. तुझ्याच हातचे हवे.”

शिष्य शरमेने अर्धा झाला. जिला धड उभे राहवत नाही, तिच्याकडे जेवण मागायचे! पण दारी आलेल्याला उपाशी कसे पाठवायचे? बाई भिंत धरून उठली. थोड्या वेळाने आतून भाकरी थापल्याचा आवाज आला आणि शेजारणी आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

पाने वाढली गेली. शिष्याने पहिला घास घेतला. पिठले फर्मास होते. आचार्यांनी मात्र तोंड वाकडे केले.

“पिठल्यात मीठ कमी आहे.”

गोदाक्का ताठ झाली. “माझ्या हातचं मीठ चुकलं? जलमभर ह्यांनी कधी असं म्हटलं न्हाई!” ती तरातरा चुलीपाशी गेली आणि कढईतले बोटभर पिठले तिने जिभेवर ठेवले. क्षणभर थांबली. पुन्हा एकदा चाखले.

“बरोबर हाय की, म्हाराज,” ती हळूच म्हणाली. मग तिथेच खाली बसली आणि डोळे पुसत पुसत तिने भाकरीचा तुकडा मोडला.

परतताना शिष्याला राहवले नाही. “आचार्य, आपण चक्क खोटे बोललात!”

“बोललो खरा. मीठ चुकले म्हटल्यावर कोणती सुगरण चाखल्यावाचून राहील?” आचार्य हसले आणि मग गंभीर झाले. “अरे, ती उभ्या जन्मात कुणाला वाढल्याशिवाय जेवलेली नाही. साऱ्यांनी तिच्यापुढे भरली ताटे ठेवली. तिच्यापुढे रिकामे ताट घेऊन कुणी बसले नाही. आपल्या हाताची कुणाला तरी गरज आहे, हे कळले की माणसाला जगावेसे वाटते. करून घालणे ही माया आहेच. मागून खाणे हीसुद्धा मायाच.”

शिष्याला आपला शिरा आठवला.

दुसऱ्या दिवशी मठात स्वयंपाक तयार असूनही तो गोदाक्काच्या दारात जाऊन उभा राहिला.

“अक्का, भूक लागलीय.”

आतून भाकरीची थपथप न थांबता आवाज आला, “आधी हातपाय धू!”