ओल्या बाभळीची खुर्ची

शिसवली गाव डोंगराच्या पायथ्याशी, दोन ओढ्यांच्या बेचक्यात वसले आहे. सद्गुरू केरोबा महाराज आयुष्याची शेवटची बावीस वर्षे या गावी राहिले. मठ कसला, एक लांबट पडवी! पुढच्या अर्ध्या भागात देव, मागच्या अर्ध्या भागात सुतारकामाची शाळा. महाराजांच्या हातात सकाळी टाळ आणि दुपारी लाकूड तासायचा वाकस.

दिवाळी झाली की महाराज सहा जणांना खुर्ची करायला शिकवत. सहाच. सातव्याला "पुढच्या वर्षी ये हो" म्हणून परत पाठवत. कारण त्यांची शिकवण्याची रीतच तशी होती. शिकणाऱ्याच्या मागे उभे राहून ते त्याच्या हातांवर आपले हात ठेवीत आणि दोघे मिळून रंधा ओढीत. तोंडाने फार सांगणे नाही. भाविकहो, ज्यांच्या हातांवर ते हात पडले ते केवढे भाग्यवान!

एका वर्षी त्या सहांत कोंडाबाई होती. ती बुरूडकाम करणारी, सुपे-टोपल्या विणून पोट भरणारी बाई. नवरा जाऊन दहा वर्षे झालेली. मोठी कष्टाळू, पण तिला स्वस्थ बसणे म्हणून ठाऊक नव्हते. काम नसले तर ती पदराचे टोक पिळत बसे. महाराज हसून म्हणत, "कोंडाबाई, लाकडाला पाय फुटलेले नाहीत. ते कुठं पळून जात नाही."

तिने पहिली खुर्ची करायला घेतली ती साळूमावशीसाठी. साळूमावशी गावची सुईण. अर्ध्या गावाला तिने पहिली आंघोळ घातलेली. आता तिचे गुडघे वाकत नव्हते, खाली बसता येत नव्हते. मठात माघात होणारा काल्याचा दिवस तिने तीन वर्षांत पाहिला नव्हता. "एकदा काल्याला बसवा गं मला," एवढेच ती म्हणे.

ही बातमी रघुजी मेस्त्रींच्या कानावर गेली. सात गावांत त्यांच्यासारखा कारागीर नाही, असे लोक म्हणत, आणि मेस्त्री त्यांना आणखी थोडे म्हणू देत. ते मठात आले, कोंडाबाईने तासलेला बाभळीचा पाय पायाच्या अंगठ्याने उलटवला आणि मोठ्याने म्हणाले, "अगं, चार पायांवर उभं राहतं ते सगळंच खुर्ची नसतं. म्हैससुद्धा चार पायांवर उभी राहते!"

पडवीत हशा पिकला. कोंडाबाईचा चेहरा उतरला. मेस्त्री पुढे म्हणाले, "आमच्या पाच पिढ्या लाकडात गेल्या. हिला तीन महिन्यांत खुर्ची? कोंडे, बोल. काल्याच्या दिवशी तुझी खुर्ची टिकली तर मी सगळ्यांसमोर पाया पडेन. नाही टिकली तर पुन्हा हत्याराला हात लावायचा नाही. कबूल?"

"कबूल," कोंडाबाई म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि ती पदराचे टोक पिळू लागली. टोपल्यांवर आता भागत नव्हते. हे हत्यार तिच्या हातात राहणार की जाणार, ते आता त्या खुर्चीवर होते.

महाराजांच्या खुर्चीत खिळा नसे. बाळांनो, त्यातली युक्ती नीट ऐका. पाय ओल्या लाकडाचे करायचे आणि पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या खडखडीत वाळलेल्या घ्यायच्या. मग ओला पाय हळूहळू वाळतो, आकसतो आणि दांडीला घट्ट धरून बसतो. त्याने एकदा धरले की सुटत नाही. पण दांडीच ओली राहिली तर तीही आकसते, आणि जोड खिळखिळा होतो. म्हणून दांड्या एकवीस दिवस मठाच्या चुलीवरच्या माळ्यावर ठेवत. काढताना एकेक दांडी कानाशी धरून तिच्यावर टिचकी मारायची. टणटणली तर वाळली, ढबढबली तर परत वर.

कोंडाबाईला एकवीस दिवस कसे निघावेत? ती रोज पाच वेळा माळ्याची शिडी चढे. टोपली विणायला बसे आणि तीन वेढे होतात न होतात तोच उठे. रस्त्यात कुणी हसले की तिला वाटे, आपल्यालाच हसले. त्यात महाराज तीन दिवसांसाठी शेजारच्या गावी गेले. बाराव्या दिवशी तिला राहवले नाही. ती माळ्यावर चढली. बरोबर चुलीच्या धगीवर असलेल्या दोन दांड्या तिने कानाशी धरल्या. टण! टण! "झालं की!" असे म्हणत तिने आठही दांड्या खाली आणल्या. बाकीच्या सहा कडेला, सावलीत पडलेल्या होत्या, हे तिने पाहिले नाही. संध्याकाळपर्यंत खुर्ची उभी. दुसऱ्या दिवशी अंबाडीच्या दोरीने बैठकही विणून झाली, अशी सुरेख की बघत राहावे.

महाराज परत आले. त्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "कोंडाबाई, सगळ्या दांड्या कानाला लावल्या होत्यास ना?"

"हो महाराज," ती चटकन म्हणाली.

महाराज टाळ उचलून पुढच्या बाजूला निघून गेले.

त्या 'हो'ने तिची उरलीसुरली शांती नेली. रोज सकाळी ती कुणाचे लक्ष नाही असे पाहून दांडी पिळून बघे. चौथ्या दिवशी एक दांडी किंचित फिरली. सातव्या दिवशी तीन. महाराजांकडे जावे म्हणून ती दारापर्यंत जाई आणि केरसुणी उचलून अंगण झाडू लागे. झाडलेलेच अंगण पुन्हा झाडी. जेवताना घास हातात राही. एका रात्रीत केस पिकावेत तशी ती दिसू लागली.

काल्याचा दिवस उजाडला. पडवी माणसांनी भरली. कोंडाबाईने खुर्चीला हात लावला तर सहाही दांड्या करकरत होत्या. शेजारची चंद्रभागा खळीचा वाडगा घेऊन कानाशी लागली, "चिंचोक्याची खळ न् भुसा भर भोकात. दिवसभर निघेल. कुणाला कळतंय?"

कोंडाबाईने खळीच्या वाडग्याकडे पाहिले. इतक्यात दोन गड्यांनी साळूमावशीला बाजेसकट दारात आणले. म्हातारीने नवे लुगडे नेसले होते. खुर्ची पाहून तिचे डोळे लकाकले. "कोंडे, बाय माझी, ही माझी?"

आणि कोंडाबाईचा बांध फुटला. ती सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "नका बसवू तिला! खुर्ची खोटी आहे. मी दोनच दांड्यांना कान लावला आणि महाराजांना आठ सांगितल्या. हाडं मोडतील मावशीची. मी हरले." तिने कनवटीचा वाकस काढला आणि रघुजी मेस्त्रींच्या पुढ्यात ठेवला.

मेस्त्री मांडीवर थाप मारून हसले. "अरे, म्हैस बसली रे!"

साळूमावशी बाजेवरून खेकसली, "रघ्या, तू पायाळू आलास तेव्हा तुझ्या आईजवळ मी रात्रभर जागले. मला वाटलं होतं माणूस काढला."

लोक हसले, मेस्त्रींचे हसणे मात्र थांबले. तेव्हा महाराज जागेवरून उठले.

"कोंडाबाई, त्या दिवशीच विचारलं होतं मी. आज खरं उत्तर मिळालं. आता इकडं बस." त्यांनी खुर्चीजवळ जमिनीवर हात दाखवला. "दांड्या आकसायच्या तेवढ्या आकसल्या. पाय अजून ओले आहेत. त्यांना धरायला महिना लागेल."

"आज कुठला महिना, महाराज?" ती रडत म्हणाली.

"बघू. पायाला हात लाव. जोडावर. आणि हलवू नकोस."

तिने खुर्चीचा पाय धरला. महाराज तिच्या मागे बसले आणि त्यांनी तिच्या हातांवर आपले हात ठेवले. डोळे मिटून ते नाम घेऊ लागले. टाळकऱ्यांनी हळूच साथ धरली. कोंडाबाईची बोटे सुटायला बघत होती, तिचा जीव उठू उठू करत होता. मांजर आडवे गेले, कुणाचे मूल रडले, पण ते हात तिला हलू देईनात.

आणि काय सांगावे! बाभळीतून वाफ निघू लागली. ओल्या लाकडाचा उग्र वास पडवीभर पसरला. लोक माना उंचावून बघू लागले. पाय बारीक आवाज करत आवळत होता. पहिला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्या पायाशी कोंडाबाईचे हात इतके स्थिर झाले होते, की नाम थांबले तरी तिला कळले नाही.

"बसव तुझ्या मावशीला," महाराज म्हणाले.

साळूमावशीला उचलून बसवले. खुर्ची बोललीसुद्धा नाही. म्हातारी मागे टेकली, पुढे झुकली, मग तिने मुद्दाम जोरात हलून बघितले. "अगं, ही तर माझ्यापेक्षा घट्ट!" ती म्हणाली, आणि तिने देवाला हात जोडले. तीन वर्षांनी तिला देव समोर दिसत होता.

पण रघुजी मेस्त्रींचे समाधान होईना. ते पुढे आले, गुडघे टेकून त्यांनी खालची दांडी दोन्ही हातांनी धरली आणि पिळली. कपाळाच्या शिरा फुगल्या. पाच पिढ्यांचे कसब त्या मनगटांत होते, पण दांडी तसूभर फिरली नाही. जोडात नखही जाईना. "हे लाकूड काल-परवाचं नाही," ते पुटपुटले. "हे पुरतं मुरलेलं आहे."

तशी त्यांची नजर शेजारी गेली. महाराज तांब्यातले पाणी हातांवर ओतून घेत होते. त्यांचे दोन्ही तळवे निखारे धरल्यासारखे फोडांनी भरले होते. मेस्त्रींनी झटकन कोंडाबाईचे हात उलटे करून पाहिले. ते गार होते. साधी लालीही नव्हती.

मेस्त्री महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"मेस्त्री, कसब तुमचं मोठं आहे. पण भर सभेत 'माझं चुकलं' असं तुम्ही शेवटचं कधी म्हणालात?"

रघुजी मेस्त्रींनी मान खाली घातली. "आठवत नाही, महाराज."

"मग जिला ते जमलं, तिच्याशी केलेला करार पुरा करा."

मेस्त्री उठले. त्यांनी जमिनीवरचा वाकस उचलला, आपल्या उपरण्याने पुसला आणि पाते स्वतःकडे करून दोन्ही हातांनी कोंडाबाईपुढे धरला. मग सात गावांच्या त्या कारागिराने सगळ्यांदेखत तिच्या पायांशी कपाळ टेकले. "कोंडाबाई," ते म्हणाले, "माझं चुकलं."

कोंडाबाईने वाकस घेतला.

केरोबा महाराजांनी ज्यांच्या हातांवर हात ठेवला, त्यांचे चटके स्वतः सोसले. ही कथा ऐकणाऱ्याच्या हातांवरही ते हात असोत!